गाडीच्या एसीचा वारा मंदावलाय? गॅस भरण्याआधी या चुका टाळा

वारा कमी झाला की लोक आधी गॅस भरायला धावतात. पण गॅस गारवा देतो, वारा ब्लोअर (डॅशबोर्डमागचा पंखा) फेकतो. म्हणून आधी नीट पाहा: वाराच कमी येतोय, की जोरात येतोय पण गार नाही?

वाराच कमी असेल तर केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारी जाळी) काढा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. फिल्टरशिवाय मिनिटभर ब्लोअर चालवा. जोर एकदम वाढला तर दोष फिल्टरचाच. कागदी फिल्टर धुऊन परत बसवू नका, बदला. बसवताना त्यावरचा बाण वाऱ्याच्या दिशेने हवा. पुढच्या काचेखालच्या जाळीत पालापाचोळा अडकलाय का, तेही बघून घ्या.

ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालतो? मग बहुधा रेझिस्टर, म्हणजे ब्लोअरचा स्पीड कमी करणारा भाग, गेलाय. बाकीचे स्पीड त्याच्यातून जातात, शेवटचा थेट. हा भाग वाऱ्याच्या वाटेत बसवतात, कारण वाराच त्याला थंड ठेवतो. म्हणजे तुंबलेला फिल्टर त्यालाही जाळू शकतो. जाम होत आलेली मोटर जास्त करंट ओढते, त्यानेही तो जळतो. नुसता रेझिस्टर बदलून मोकळे झालात, तर नवाही जाईल. रेझिस्टरचा कनेक्टर (वायर जोडायचा प्लग) वितळलाय का पाहा. आणि फ्यूज उडत असेल तर जास्त अँपिअरचा कधीही घालू नका. वायरिंग पेट घेऊ शकतं.

सुरुवातीला छान वारा, अर्ध्या तासाने मंद? हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. एसी बंद करून १०-१५ मिनिटं नुसता ब्लोअर चालवा. वारा परत आला तर निदान पक्कं. कारण तुंबलेला फिल्टर, बिघडलेला कॉइलचा सेन्सर किंवा कमी गॅस. इथे मात्र गॅसचा संबंध येतो, पण आधी गळती शोधा आणि बॉनेटखालच्या लेबलवर दिलेल्या ग्रॅमइतकाच मोजून भरा. अंदाजाने भरलेला जास्त गॅस कॉम्प्रेसरवर ताण आणतो.

वाऱ्याची दिशा (तोंडाकडे, पायाकडे, काचेवर) बदलताना डॅशबोर्डमागे टकटक आवाज येत असेल तर वारा वळवणारी झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे दाते बहुधा तुटलेले असतात. ब्लोअर बदलून काही होणार नाही.

हीटर लावल्यावर वारा जोरात पण थंडच येत असेल तर कुलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी बघा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच त्याचं झाकण उघडा.