पहिल्या सेटच्या कराराचा भाव कसा ठरवावा

प्रेडिक्शन मार्केटमध्ये, म्हणजे घटनांच्या निकालावरील करार खरेदी-विक्री होणाऱ्या बाजारात, टेनिसच्या ‘पहिला सेट कोण जिंकणार’ हा सामन्याच्या निकालापासून स्वतंत्र करार असतो. अंदाज बरोबर आला तर प्रत्येक करारामागे एक डॉलर मिळतो, चुकला तर काहीच मिळत नाही. त्यामुळे ६२ सेंट भाव म्हणजे ढोबळमानाने ६२ टक्के शक्यता. पुढील विवेचन अमेरिकेतील वाचकांसाठी आहे. तेथे कल्शीसारखी बाजारपेठ वायदेबाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कमोडिटी फ्युचर्स ट्रेडिंग कमिशनच्या देखरेखीखाली चालते, जरी काही राज्यांनी तिच्या क्रीडाविषयक करारांना न्यायालयात आव्हान दिले असले तरी. भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे, तेव्हा येथून या वाटेला जाऊ नये.

सर्वप्रथम सामन्याच्या भावावरून सेटचा भाव काढावा. प्रत्येक सेट जिंकण्याची शक्यता सारखीच ७० टक्के धरली, तर तीन सेटांचा सामना जिंकण्याची शक्यता सुमारे ७८ टक्के होते आणि ग्रँड स्लॅममधील पुरुषांच्या पाच सेटांच्या सामन्यात ती ८४ टक्क्यांपर्यंत जाते. हेच उलट वाचले, की पाच सेटांच्या सामन्यासाठी ८४ सेंट भाव असलेल्या खेळाडूचा पहिला सेट ७० सेंटच्या आसपासच मोजावा. ७७ ला तो महागच आहे. लांब सामन्यात वरचढ खेळाडूला चूक सुधारायला वेळ मिळतो, एका सेटमध्ये तो मिळत नाही. २०२५ च्या फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन या दोन्ही अंतिम सामन्यांत पहिला सेट गमावणारा खेळाडूच विजेता ठरला: पॅरिसमध्ये अल्काराझ, लंडनमध्ये सिनर. दोन सामन्यांनी काही सिद्ध होत नाही, पण हिशेब लक्षात राहायला ते पुरेसे आहेत.

सामना सुरू झाल्यावर धावफलकापेक्षा सर्व्हिसकडे पाहावे. पहिली सर्व्हिस करणारा ३-२ ने पुढे असेल आणि एकही सर्व्हिस भेदली गेली नसेल (म्हणजे कोणीही स्वतःच्या सर्व्हिसचा गेम गमावला नसेल), तर ती आघाडी केवळ दिसण्यापुरती आहे. खरा फरक भेदलेल्या सर्व्हिसने पडतो, आणि तोही सेटच्या कोणत्या टप्प्यावर त्यावर अवलंबून: १-१ वर गमावलेली सर्व्हिस परत मिळवायला अवकाश असतो, ४-४ वर गमावलेली क्वचितच भरून निघते. हिरवळीवर जोरदार सर्व्हिस करणारे दोघे समोरासमोर असतील तर सेट टायब्रेकपर्यंत, म्हणजे ६-६ नंतरच्या निर्णायक गेमपर्यंत, जाण्याची शक्यता वाढते, आणि सात गुणांच्या त्या खेळात वरचढपणा बराच पुसला जातो. लाल मातीवर सर्व्हिस अधिक वेळा भेदली जाते. तेथे एक सर्व्हिस भेदली गेली म्हणून घाबरून विकणे बहुधा घाईचे ठरते.

ऑर्डर नेहमी लिमिट ऑर्डरच द्यावी, म्हणजे आपण ठरवलेल्या भावालाच किंवा त्याहून चांगल्या भावाला व्यवहार होईल अशी. खरेदीदार ६१ आणि विक्रेता ६५ सांगत असताना मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला लगेच व्यवहार करणारी) दिली, की चार सेंट जागेवरच जातात. त्यावर शुल्क वेगळे. ६० ला घेतलेल्या करारात जिंकल्यास ४० सेंट मिळतात आणि हरल्यास ६० जातात, म्हणून शुल्क दोन सेंट धरले तर शक्यता ६२ टक्क्यांहून जास्त आहे असे स्वतःला वाटले तरच तो घ्यावा. पडून राहिलेली ऑर्डर मात्र फार घातक. समजा, ५५ ला खरेदी लावून आपण चहा करायला उठलो. तेवढ्यात आपला खेळाडू सर्व्हिसवर ०-४० ने मागे पडला आणि भाव ५५ ओलांडून ४५ वर आला: ऑर्डर पूर्ण झाली, ती केवळ वाईट बातमी आपल्याआधी दुसऱ्याला कळली म्हणून. थेट प्रक्षेपण काही सेकंद मागे असते. कोर्टजवळ बसलेल्याशी घाईत स्पर्धा करू नये. गुण चालू असताना ऑर्डर मागे घ्यावी आणि बाजू बदलण्याच्या विश्रांतीत पुन्हा लावावी.

करार घेण्यापूर्वी माघारीचा नियम वाचावा. विम्बल्डन २०२५ मध्ये दिमित्रोव्हने सिनरविरुद्ध पहिले दोन सेट जिंकले आणि तिसऱ्यात २-२ असताना दुखापतीमुळे सामना सोडला. सामना सिनरला गेला, पहिला सेट मात्र ६-३ असा दिमित्रोव्हच्याच नावावर राहिला. पूर्ण झालेल्या सेटबाबत सहसा वाद उरत नाही. पहिल्याच सेटमध्ये ४-२ वर कोणी माघार घेतली तर करार कसा मिटवला जाईल, हे त्या कराराच्या नियमांत लिहिलेले असते.