विंडोज सोडून आलात? आधी आवाजाचं बघू

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि सोलापुरात लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टिमवर, येणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. "या लॅपटॉपवर ११ बसत नाही, नवीन घ्या" असं दुकानात ऐकून आलेले आहेत. अशोक चौक, होटगी रोडकडच्या कॉलेजांमधली पोरं आहेत. सहज करून बघू म्हणून आलेलेही आहेत. मी विंडोजवरून मुक्काम हलवून बरीच वर्षं झाली, त्यामुळे यातले बरेच जण मलाच विचारतात. वायफाय चालतं, मराठी टंकलेखन चालतं, प्रिंटरसुद्धा चालतो. मग रात्री मेसेज येतो: "सगळं मस्त आहे, पण आवाज येत नाय बे."

सगळ्यात आधी एक पथ्य. जुन्या सल्ल्यातली कमांड उचलून टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) चिकटवायची नाही. 'पल्सऑडिओ काढा, परत टाका' हा सल्ला तर मुळीच ऐकायचा नाही. तो ज्या काळात दिला गेला, त्यानंतर इथली व्यवस्थाच बदलली आहे. तळाशी कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, साउंड कार्ड चालवणारं अल्सा आहे. यारोस्लाव किसेला यांनी ते काम १९९८ मध्ये सुरू केलं आणि २.६ कर्नलपासून आवाजाचा मुख्य भार अल्सावरच आहे. वेगवेगळ्या ॲपचे आवाज एकत्र करून योग्य ठिकाणी पाठवायचं काम त्याच्या वरच्या थरात होतं. ते पूर्वी पल्सऑडिओ करायचं, आता पाइपवायर करतं. लिनक्सच्या डिस्ट्रोंपैकी (तयार संचांपैकी) फेडोरात हा बदल २०२१ मध्ये झाला, उबुंटूत २२.१० पासून. तुमच्याकडे आजचं डिस्ट्रो असेल तर जवळपास नक्की पाइपवायरच आहे आणि जुन्या कमांडने ते बिघडायचीच शक्यता जास्त.

तेव्हा हात घालण्याआधी आवाज कोणत्या थरात अडकलाय ते बघा. सेटिंगमध्ये साउंड उघडा. तिथे 'डमी आउटपुट' लिहिलेलं दिसलं तर बहुतेक वेळा कर्नलला साउंड कार्डच सापडलेलं नसतं, वर कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. कार्ड दिसतंय, गाणं लावल्यावर पट्टी हलतेय, तरी शांतता? मग कुठेतरी म्यूट आहे, नाहीतर आवाज एचडीएमआयकडे (टीव्ही-मॉनिटरच्या जोडणीकडे) निघालाय, नाहीतर स्पीकरपर्यंतचा रस्ता कर्नलला नीट माहीत नाही. फक्त एकाच ॲपचा आवाज येत नसेल तर त्या ॲपची सेटिंग बघा आणि झोपा.

म्यूटसाठी टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडा. सुरुवातीला एकच पट्टी दिसते, ती खरी नव्हे. एफ६ दाबून खरं कार्ड निवडा, मग सगळ्या पट्ट्या समोर येतात. पट्टीखाली 'एमएम' असेल तर ती बंद आहे. एम दाबलं की तिथे '००' येतं. तिथेच बहुतेक वेळा 'ऑटो-म्यूट मोड' असतो. हेडफोन लावला की स्पीकर बंद करणारा तो हाच. सोलापूरच्या धुळीत हेडफोनच्या जॅकमध्ये काय काय जाऊन बसतं ते तुम्हाला सांगायला नको. तिथला संपर्क चिकटला की मशीनला वाटतं हेडफोन लावलेलाच आहे. ऑटो-म्यूट बंद करून बघा, आवाज आला तर जॅक साफ करून घ्या.

लोकांना एक गोष्ट उलटी वाटते: जुन्या लॅपटॉपवर आवाजाचा त्रास कमी, नव्यावर जास्त. विंडोज ११ ने नाकारलेली इंटेलची सातव्या पिढीची किंवा त्याआधीची मशीन बहुतेक आवाजाच्या साध्या, जुन्या एचडीए पद्धतीची असतात, ती कर्नलला पाठ आहेत. साधारण २०१९ नंतरच्या इंटेल लॅपटॉपमध्ये कॅमेऱ्याशेजारी डिजिटल माइक आला आणि आवाजाचं काम चिपमधल्या वेगळ्या प्रोसेसरकडे गेलं. त्याला 'साउंड ओपन फर्मवेअर' (त्या प्रोसेसरमध्ये भरायचा प्रोग्राम) लागतं. ते पॅकेज नसेल तर डमी आउटपुट, नाहीतर माइक गायब. डेबियनमध्ये 'फर्मवेअर-सॉफ-साइन्ड' शोधा, फेडोरात 'अल्सा-सॉफ-फर्मवेअर'. पोरांनी हौसेने घेतलेल्या गेमिंग लॅपटॉपमध्ये आणखी एक पाहुणा असतो: स्पीकरसाठी वेगळी ॲम्प्लिफायर चिप, सिरस लॉजिकची सीएस३५एल४१ किंवा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएएस२७८१ यांसारखी. हेडफोनवर झकास, पण स्पीकर गप्प, किंवा आवाज पातळ, खालचा सूर नाहीच, असं असेल तर संशय या चिपवर घ्या. इथे नवा कर्नल आणि ताजं फर्मवेअर हेच औषध. ते मिळालं का हे बघायला इन्स्टॉल करायचीही गरज नाही, नव्या डिस्ट्रोचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून गाणं वाजवा.

विंडोज पुरतं सोडलं नसेल आणि दोन्ही एकाच मशीनवर असतील, तर विंडोजमधून थेट रिस्टार्ट करून इकडे येऊ नका. रिअलटेक कंपनीच्या आवाजाच्या काही चिप तिकडच्या अवस्थेतच अडकून राहतात. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, पूर्ण शटडाउन करा, मग सुरू करा.

ब्लूटूथची तक्रार तर रोजची. गाणी छान वाजतात, मीटिंग सुरू झाली की आवाज विहिरीतून आल्यासारखा. यात लिनक्सचा दोष नाही. गाण्यांची पद्धत, एटूडीपी, एकाच दिशेने चालते. माइक उघडला की इअरबड फोनकॉलच्या पद्धतीवर जातात आणि तिथे बहुतेक वेळा ८ किंवा १६ किलोहर्ट्झचा मोनो आवाज मिळतो. इनपुट म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा, ऐकायला इअरबड ठेवा.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या मंडळींसाठी वेगळं. शेजारी यंत्रमाग चालू असताना मुलाखत द्यायची म्हणजे समोरच्याला आधी मागाची खटखटच ऐकू जाते. इझीइफेक्ट्स नावाचं ॲप टाका, त्यात माइकच्या बाजूला आरएनएनॉइज हा गोंगाट कमी करणारा फिल्टर चालू करा. पंख्याची घरघर ते छान खातं. मागाची लय पूर्ण जात नाही, पण बोलणं वर येतं. तोंडाजवळ माइक असलेला वायरचा स्वस्त हेडसेट सोबत घेतलात तर फरक आणखी मोठा.

भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी माइक जोडायला 'क्लास कम्प्लायंट' यूएसबी इंटरफेस घ्यावा, त्याला ड्रायव्हर लागत नाही. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कानात उशिरा ऐकू येतो, त्याचं कारण पाइपवायरचा बफर, म्हणजे पुढे पाठवण्याआधी साठवलेला आवाजाचा तुकडा. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या वेगाला १,०२४ नमुने म्हणजे २१ मिलिसेकंद. तो १२८ वर आणला की तीनच्या आत येतो. मशीन जुनं असेल तर आवाज तुटायला लागेल, मग २५६ वर थांबा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. एवढं करूनही आवाज आला नाही, तर बहुतेक तुमच्या मॉडेलची नोंद कर्नलमध्ये नाही. कोडेकची (आवाजाच्या चिपची) कुठली पिन स्पीकरला जाते, कुठली माइकला, हे बायोसने (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) सांगायचं असतं. ते अनेकदा अर्धवट सांगतं आणि कंपनी आपल्या विंडोज ड्रायव्हरमध्ये गुपचूप दुरुस्ती करून मोकळी होते. लिनक्समध्ये हीच दुरुस्ती उघड्यावर असते. कर्नलच्या रिअलटेक कोडेकच्या भागात एक लांबलचक तक्ता आहे, प्रत्येक ओळीत मॉडेलचा ओळख क्रमांक आणि त्याला लागणारी दुरुस्ती. बऱ्याच वेळा तुमचा लॅपटॉप सुधारायला त्यात एकच ओळ भरावी लागते. ती लिहिणाऱ्याकडे तुमचा लॅपटॉप नसतो, म्हणून माहिती तुम्हीच द्यायची.

'एचडीएजॅकरीटास्क' नावाच्या साधनाने पिना बदलून बघता येतात. कुठल्या बदलाने आवाज आला ते लिहून ठेवा. मग 'अल्सा-इन्फो' स्क्रिप्ट चालवा, तिची फाईल, लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल, कर्नलची आवृत्ती, आणि काय चालतं, काय चालत नाही हे सरळ वाक्यांत लिहून कर्नलच्या बगझिलावर (तक्रारी नोंदवायच्या साइटवर) नोंदवा. 'आवाज येत नाही' एवढंच लिहिलंत तर कुणी काही करू शकत नाही. 'हेडफोन चालतो, स्पीकर नाही, विंडोजमधून रिस्टार्ट केल्यावर मात्र चालतो' असं लिहिलंत तर अर्धं काम झालं. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, तिथले बरेच लोक स्वतःच परक्या भाषेत लिहीत असतात.

हे टाळू नका. अंध माणसासाठी पडद्यावरचं वाचून दाखवणारा ओर्का स्क्रीनरीडर आणि ईस्पीक एनजीचा मराठी आवाज हाच त्याचा पडदा असतो. त्याच मॉडेलवर आवाज नसेल तर त्याला स्वतःहून लिनक्स सुरूही करता येत नाही, आणि तक्रार नोंदवणं तर दूरच.

नोंद केल्यावर कुणीतरी पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठवून 'तपासून सांगा' म्हणेल. त्यासाठी कर्नल स्वतः बांधायला (कोडपासून तयार करायला) जुन्या मशीनला बरेच तास लागतात, रात्री लावून झोपा. उन्हाळ्यात तर रात्रीच, दुपारी ४२ अंशांत लॅपटॉपचा तवा होतो. काम झालं की 'टेस्टेड-बाय' म्हणून नाव आणि ईमेल देऊ का, असं विचारतील. ते कायमचं सार्वजनिक राहतं, त्यामुळे घरगुती ईमेल न देता वेगळा काढून ठेवा. पॅच तुमच्या डिस्ट्रोपर्यंत यायला काही आठवडे, कधी काही महिने जातात. तोवर यूएसबीचं छोटं साउंड कार्ड लावून काम भागवा, नव्या पेठेत सहज मिळतं.