‘राजकारण नको, विकास हवा’: वाडीचं काम अडवणाऱ्या या चुका टाळा

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये तिथल्याच कितीतरी वाड्या टँकरची वाट बघत असतात. जांभ्यातून, म्हणजे इथल्या सच्छिद्र तांबड्या दगडातून, पाणी झिरपून जातं, उतार तीव्र, पऱ्ये (छोटे ओढे) थेट खाडीला मिळतात, हे सगळं खरं. पण पंपाचं वीजबिल थकलं, विहीर उन्हाळ्यात आटणाऱ्या जागी खोदली, पाइप खालच्या वाडीपर्यंतच आला, यात जांभ्याचा काय दोष? हे निर्णय माणसांनी घेतलेले असतात.

तरीही बैठकीत कोणीतरी उठून म्हणतंच, ‘राजकारण नको, आम्हाला फक्त विकास हवा.’ माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. कोकण रेल्वेचं उदाहरण घ्या. मागणी कित्येक दशकांची. 1989 मध्ये केंद्रात सरकार बदललं, राजापूरचे खासदार मधु दंडवते अर्थमंत्री झाले, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले आणि 1990 मध्ये स्वतंत्र महामंडळ उभं राहिलं. श्रीधरन यांच्यासारखा अभियंता मिळाला, केंद्राबरोबर चार राज्यांनी भांडवल घातलं आणि जानेवारी 1998 मध्ये पूर्ण मार्गावर गाडी धावली. त्याच पट्ट्यातल्या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं आणि दशक उलटलं तरी आपण खड्डे मोजत राहिलो. डोंगर तेच, पाऊसही तोच. फरक पडला तो कोणी मनावर घेतलं आणि कोणाला जाब द्यावा लागला, यामुळे. राजकारणातून तुम्ही बाजूला झालात तर निर्णय थांबत नाहीत, ते तुमच्याशिवाय होतात.

मे महिन्यात ओरडणं

चाकरमानी मेमध्ये गावी येतात, विहिरीचा तळ बघतात, वाडीची बैठक तापते, मुंबई मंडळाच्या, म्हणजे मुंबईतल्या गावकऱ्यांच्या संघटनेच्या, लेटरहेडवर आमदारांना पत्र जातं. पण त्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा तोवर ठरून गेलेला असतो. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि हिवाळ्यात संपते. तेव्हा विहिरी भरलेल्या असतात, पाण्याचा विषय कोणाच्या डोक्यातही नसतो. उन्हाळ्यातच फोटो काढा, विहीर कोणत्या तारखेला आटली ते लिहून ठेवा आणि ते कागद ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडा. ग्रामसभेत मत गावच्या मतदार यादीत नाव असलेल्यालाच असतं, त्यामुळे मंडळाचं पत्र कितीही जोरदार असलं तरी बोलायला गावातला माणूस, आणि खरं तर गावातली बाई, उभी राहायला हवी. पाणी तीच भरते.

कोऱ्या पानावर सही

ही चूक इतकी सरसकट होते की तिच्याकडे कोणी चूक म्हणून बघतच नाही. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातली कमी असेल ती संख्या लागते. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. म्हणजे आपण घरी बसलो की मोजक्या लोकांत सगळं मंजूर! जे येतात ते हजेरीला सही करून चहा घेतात नि निघतात, ठराव मागाहून लिहिला जातो.

ठराव सभेतच लिहून घ्या, मोठ्याने वाचायला सांगा, सूचक आणि अनुमोदक यांची नावं घाला. ‘वरच्या वाडीत पाण्याची सोय करावी’ असा मोघम ठराव पुढे कुठेही वळवता येतो. ‘सार्वजनिक विहिरीपासून वरच्या वाडीच्या टाकीपर्यंतची जुनी जलवाहिनी बदलणे’ असं लिहिलं की अंदाजपत्रक त्याच कामाचं करावं लागतं.

निधीला उपकार समजणं

पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात पंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. तो हक्काचा पैसा. तरी टाकीवर नेत्याचा फ्लेक्स लागतो आणि आपण टाळ्या वाजवतो. निधी एकदा उपकार ठरला की ज्या वाडीने मतं दिली नाहीत तिला तो नाकारताही येतो, आणि ती वाडी गप्प बसते.

युगांडात 1991 ते 1995 या काळात शाळांना मिळायच्या सरकारी अनुदानातला सरासरी 13 टक्केच पैसा शाळेपर्यंत पोचत होता. बाकीचा जिल्हा पातळीवरच अडकायचा किंवा दुसरीकडे वळायचा, कारण आपल्याला किती मिळायला हवेत हेच पालकांना ठाऊक नव्हतं. मग सरकारने रकमा वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली, शाळांनी फलकावर लावल्या. काही वर्षांत पोचणारा वाटा 80 टक्क्यांच्या वर गेला. एवढं सगळं निव्वळ छापण्याने झालं असं कोणी म्हणणार नाही, पण आकडा ठाऊक असलेल्या माणसाला टोलवणं अवघड जातं. म्हणून कामाचा फलक लागलाच पाहिजे असा आग्रह धरा. नाही लागला तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे गावाची सगळी गाऱ्हाणी एकाच कागदावर नकोत. कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका (प्रत्यक्ष झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही) यांच्या प्रती मागा, बास.

पाणीपट्टीवर गप्प राहणं

पट्टी वाढवणारा सरपंच पडतो, म्हणून कोणी वाढवत नाही. मग बिल थकतं, वीज तुटते आणि नवी योजना मागितली जाते. वाडीनेच वाढीचा ठराव मांडला तर सरपंचालाही बळ येतं.

बिनविरोध निवडणुकीचाही फार अभिमान बाळगू नका. वाद टळतो, पण हिशेब विचारणारा विरोधी सदस्यही जातो.

तोंडी दिलेली जागा

टाकी किंवा पाखाडी (पायऱ्यांची वाट) मंजूर होते आणि काम सुरू होताना सामाईक सातबाऱ्यावरचा एखादा हिस्सेदार हरकत घेतो. निधी परत जातो, आणि मग भावकीतली जुनी भांडणं गावच्या गटबाजीत ओढली जातात. पत्रं लिहिण्यापेक्षा मुंबई मंडळाचा खरा उपयोग इथे आहे, कारण निम्मे हिस्सेदार मुंबईतच असतात. गणपतीला सगळे भावबंद घरी येतात. सातबाऱ्यावरचं एकेक नाव तपासून संमतीपत्रांवर सह्या तेव्हाच घ्या, बक्षीसपत्राची (जागा मोबदला न घेता दिल्याच्या दस्ताची) नोंदणीही लागलीच उरका आणि त्याची प्रत ऑक्टोबरच्या ठरावाला जोडा.