एम ८ वर काळे कपडे जांभळे येतायत? फिल्टर, कोड आणि मेनू असं लावा

लायका एम ८ हा डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा (लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायचा) सेकंडहँड घेतला की पहिली तक्रार ठरलेली असते, काळं जॅकेट, काळी बॅग, सगळं जांभळट दिसतं. कॅमेरा बिघडलेला नाहीये. रेंजफाइंडरच्या लेन्सेस सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या) फार जवळ बसतात, त्यामुळे कडेला प्रकाश खूप तिरका पडतो आणि सेन्सरवरची काच जाड असली की कडा मऊ होतात, म्हणून २००६ मध्ये लायकाने ती काच फक्त अर्ध्या मिलिमीटरची ठेवली. कडा शार्प राहिल्या पण ही काच जे अडवते ते इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा प्रकाश, आत शिरायला लागलं. सिंथेटिक काळं कापड इन्फ्रारेड भरपूर परत फेकतं, म्हणून ते जांभळं. पिवळ्या बल्बखाली सगळ्यात वाईट. झाडांचा हिरवा पण पिवळट होतो, पण ते लवकर लक्षात येत नाही.

उपाय म्हणजे लेन्सच्या पुढे यूव्ही/आयआर कट फिल्टर, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट आणि इन्फ्रारेड दोन्ही अडवणारा. साधा यूव्ही चालत नाही, दोन्ही दिसायला सारखे वाटू शकतात म्हणून घेताना नीट बघा. शंका असेल तर टीव्हीचा रिमोट लेन्ससमोर दाबून अंधारात जरा लांब एक्स्पोजर द्या, फिल्टर काढून आणि लावून, खरा आयआर कट असेल तर रिमोटचा ठिपका जवळजवळ गायब होतो.

आता खरी गंमत. हा फिल्टर इंटरफरन्सवर (पातळ थरांतून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना छेदण्यावर) चालतो, प्रकाश तिरका आला की त्याची कटऑफ, म्हणजे अडवायला सुरुवात होते ती जागा, सरकते आणि थोडा लालही खाल्ला जातो, म्हणजे वाइड लेन्सवर कोपरे निळसर-हिरवट, सायन. ५० मिलिमीटर फोकल लेंथ आणि पुढे हे दिसत नाही, ३५ पासून खाली दिसायला लागतं आणि २१ किंवा १५ वर तर डोळ्यात भरतं. हे कॅमेरा स्वतः दुरुस्त करतो, पण त्याला कोणती लेन्स लावलीय ते कळायला हवं, आणि ते सांगतात लेन्सच्या माउंटवरचे (कॅमेऱ्याला जोडणाऱ्या धातूच्या कडीवरचे) सहा काळे-पांढरे ठिपके. यालाच सिक्स-बिट कोड म्हणतात.

मेनूत लेन्स डिटेक्शनचे तीन पर्याय आहेत, ऑफ, ऑन, आणि ऑन + यूव्ही/आयआर. फिल्टर लावलाय तर तिसरा. फिल्टर नसताना तिसरा ठेवला तर उलटं होतं, कोपरे लाल येतात. बहुतेकांचा घोळ इथेच, फिल्टर काढतात आणि मेनू विसरतात. मी तर म्हणतो रंगीत कामासाठी सगळ्या लेन्सवर फिल्टर कायमचे ठेवा, सेटिंग बदलायची भानगडच नको. ब्लॅक अँड व्हाइटच काढायचं असेल तर फिल्टर नसला तरी फार बिघडत नाही.

लेन्सला कोड नसेल तर परमनंट मार्करने घरी करता येतो. माउंट स्पिरिटने पुसा, टेम्प्लेट (ठिपक्यांच्या जागा दाखवणारा साचा) ठेवून बारीक टोकाने फक्त काळे ठिपके भरा, पांढऱ्याच्या जागी नुसता धातू बहुतेकदा चालतो. वाळू द्या, घाई केली तर शाई माउंटवर पसरते. घासून जाते ती, अधूनमधून परत भरावी लागते, खोल खाचा असलेला माउंट किंवा अ‍ॅडॉप्टर असेल तर जास्त टिकते. कोड वाचला जात नसेल तर फ्रेमलाइन (व्ह्यूफाइंडरमध्ये फोटोची हद्द दाखवणारी चौकट) कोणती येतेय ते पण बघा, एम ८ ते सुद्धा तपासतो.

दुसऱ्या कंपनीच्या लेन्सला जवळच्या फोकल लेंथचा कोड द्यायचा. व्हॉइग्टलँडर १५ ला बरेच जण लायकाच्या १६-१८-२१ ट्राय-एल्मारचा (तीन फोकल लेंथ असलेल्या लेन्सचा) कोड देतात, मग कॅमेरा फोकल लेंथ विचारतो, १६ निवडा. एक्झिफमध्ये (फाइलसोबत साठवलेल्या माहितीत) लेन्सचं नाव अर्थात चुकीचं येणार, त्याला इलाज नाही.

एवढं करूनही कोपरे सायन राहिले तर कॉर्नरफिक्स हे सॉफ्टवेअर. लेन्ससमोर पांढरं डिफ्यूजर धरून त्याच अ‍ॅपर्चरला एक डीएनजी (रॉ फाइल) काढा, त्यावरून प्रोफाइल बनवा आणि बाकीच्या फाइल्सना लावा. दर लेन्सला, शक्यतो दर अ‍ॅपर्चरला वेगळं, कंटाळवाणं काम आहे पण रिझल्ट चांगला येतो.

एम ९ (एम ८ नंतरचा फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा) वाल्यांनी यातलं निम्मं सोडून द्या. तिथे आयआर काच जाड आहे, यूव्ही/आयआर फिल्टर लावूच नका, उलट फुल फ्रेममुळे कोपरे आणखी सायन होतील. कोड नसेल तर मेनूतून लेन्स हाताने निवडता येते, मार्करची पण गरज नाही, फक्त लेन्स बदलली की मेनूही बदला.