खुराड्यात तूसच बरं

पावसाळ्यात आमच्या खुराड्यात डोकावलं की अमोनियाच्या वासानं डोळे चुरचुरायचे. खाली गोणपाट होतं, ते ओल धरून बसायचं. मग भातगिरणीतून तूस आणलं आणि चांगलं तीन इंच जाड पसरलं. लाकडाचा भुसाही चालतो, पण अगदी बारीक नको. धूळ उडते आणि पिल्लं तो टिपतात. कागद तर पिल्लांखाली नकोच, पाय घसरून फाकतात.

तूस रोज खालीवर करते. मूठभर घेऊन दाबायचं: गोळा झाला तर ओल जास्त, मोकळं सुटलं तर ठीक. पाण्याच्या भांड्याभोवतीचं हमखास भिजतं. तेवढं काढून कोरडं घालते. ओलीत रक्ती हगवण बळावते, पिल्लं पटापट जातात, म्हणून इथे आळस नाहीच. जुनं तूस कुजवून माडांना.