मोठी अलॉय व्हील घेताना आधी टायरचा हिशोब

लक्झरी सेडानला १७ ऐवजी १९ इंची अलॉय बसवायची असतील, तर टायरचा एकूण व्यास मूळच्या जवळपास तेवढाच ठेवा. २२५/५५ आर१७ (रुंदी २२५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १७ इंची) चा व्यास सुमारे ६७९ मिमी. २४५/४० आर१९ चाही तेवढाच भरतो. त्याऐवजी २४५/४५ घेतला तर व्यास ७०३ मिमी होतो: गाडी खरी १०० ने धावत असताना स्पीडोमीटर ९७ च्या आसपास दाखवतो आणि टायर फेंडरला घासायची भीती वाढते.

खरी फसगत होते ती ऑफसेटमध्ये, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (चाक जिथे बसतं तो भाग) टेकणाऱ्या बाजूपर्यंतच्या मिमीमधल्या अंतरात. रिम साडेसातवरून साडेआठ इंच रुंद केली आणि ऑफसेट ४० च ठेवला, तर चाक आत-बाहेर दोन्हीकडे १२.७ मिमी वाढतं. ऑफसेट ३० केला की बाहेरची बाजू मूळपेक्षा जवळजवळ २३ मिमी बाहेर येते. म्हणून चार माणसं बसवून, स्टिअरिंग पूर्ण वळवून फेंडरच्या आतला लायनर (आतलं आवरण) आणि सस्पेन्शन तपासा. रिकाम्या गाडीवर काहीच कळत नाही.

लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळपेक्षा कमी नको. ९७ म्हणजे एका टायरवर ७३० किलो, ९४ म्हणजे ६७०. रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर हब रिंग (फट भरणारी कडी) लावा, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं. बोल्टची बैठकही (रिममध्ये बोल्ट टेकतो ती जागा) जुळायला हवी. शंकूच्या बैठकीत गोल बोल्ट नको.

१७ वरून १९ वर जाताना साइडवॉल (टायरच्या बाजूची उंची) १२४ वरून ९८ मिमीवर येते. खड्ड्यात रिम वाकते ती इथेच. रस्ते खराब असतील तर १८ वर थांबलेलं बरं.