बुलेटचं इंजिन चेसिसमध्ये बसवताना

जुन्या ३५० बुलेटची (३४६ सीसी) चेसिस पावडर कोटिंग होऊन आली. पण इंजिन काही जागेवर बसेना. बोल्ट एका बाजूने जात, दुसऱ्या बाजूला भोकं जुळत नसत. गॅरेजवाल्यांचा ठरलेला उपाय म्हणजे हातोडा. अॅल्युमिनियमच्या क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या कवचावर) मी तो चालवू देत नाही.

अडथळा रंगाचाच होता. भोकांच्या आत आणि इंजिन धरणाऱ्या प्लेटा टेकतात त्या जागी कोटिंगचा जाड थर बसला होता. गोल कानशीने भोकं साफ केली, टेकणाऱ्या जागा लोखंड दिसेपर्यंत खरवडल्या. अर्थिंगलाही ते बरंच.

या चेसिसला इंजिनाखालून नळी जात नाही, इंजिनच ती मधली जागा जोडतं. म्हणून मी उलटं केलं: हेड आणि सिलिंडर उतरवलं, क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं, गिअरबॉक्ससकट इंजिन लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं आणि दोघांनी धरून चेसिस वरून उतरवली. नळ्यांना जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले होते, त्यामुळे ओरखडा नाही.

बोल्ट ग्रीस लावून आधी सगळे नुसते ओवले. समोरच्या प्लेटेपाशी फट राहिली, तिथे पातळ वायसर भरले. फट तशीच ठेवून नट आवळला तर क्रँककेसचा कान (बोल्ट जातो तो बाहेर आलेला भाग) तडकतो. मग मागून पुढे थोडं थोडं आवळत आलो. हेड चढवल्यावर हेडस्टेडी (हेड चेसिसला धरून ठेवणारी पट्टी) शेवटी, तीही अजिबात ताण न देता.